नोट्सचं ॲप बदलायच्या आधी लिंक कुठे राहते ते बघा

कुठलं नोट्स ॲप घेऊ असं कोणी विचारलं की मी नाव सांगायच्या आधी एकच उलटा प्रश्न विचारते, की तुमच्या दोन नोट्सना जोडणारी लिंक नेमकी कुठे लिहिलेली आहे? बहुतेकांना हा प्रश्न पटकन कळत नाही, कारण ॲप निवडताना आपण बघतो की दिसायला कसं आहे, मोबाइलवर नीट चालतं का, फुकट आहे का, तो ठिपक्या-ठिपक्यांचा ग्राफ येतो का, आणि लिंक तर सगळ्याच ॲपमध्ये सारखीच दिसते, रंगीत अक्षरं, क्लिक केलं की दुसरी नोट उघडते. पण ॲप बदलायची वेळ आली की मजकूर जवळपास नेहमीच बाहेर निघतो, अडकतात त्या लिंक. आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकारात जपायची गोष्ट लिंकच आहे, कारण मजकूर बऱ्याचदा दुसरीकडूनही परत मिळवता येतो, पण 'हे वाचताना मला ते आठवलं' ही जोडणी फक्त आपल्याच डोक्यातून आलेली असते.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी पटकन सांगते. साध्या नोट्स ॲपमध्ये आपण फोल्डर करतो आणि प्रत्येक नोट कुठल्यातरी एका फोल्डरात बसवतो. लिंकवाल्या ॲपमध्ये लिहिता लिहिता दोन चौकोनी कंस टाकून [[झोप]] असं लिहिलं की त्या नावाच्या नोटशी जोडणी होते, ती नोट अजून लिहिलेली नसली तरी चालतं, आणि नंतर कधी 'झोप'ची नोट उघडली की बाजूला किंवा खाली यादी दिसते की आणखी कुठे कुठे तिचा उल्लेख केलाय. ही यादी म्हणजे बॅकलिंक. रोम रिसर्च या ॲपमुळे २०२० च्या सुमारास हे बऱ्याच लोकांपर्यंत पोचलं, ऑब्सिडियन त्याच वर्षी आलं, नोशननेही त्याच वर्षी बॅकलिंक दिल्या, लॉगसेकही त्याच सुमाराचं. पण कल्पना बरीच जुनी आहे, टेड नेल्सन यांनी हायपरटेक्स्ट (लिंकने जोडलेला मजकूर) हा शब्द १९६५ मध्ये वापरला, वॉर्ड कनिंगहॅम यांचं पहिलं विकी १९९५ चं, आणि टिडलीविकी, ज्यात अख्खी वही एकाच एचटीएमएल फाइलमध्ये राहते, ते २००४ पासून आजतागायत चालू आहे.

लिंक कुठे राहते हा विचार माझ्या डोक्यात पक्का बसला तो निक्लास लुहमान यांच्याबद्दल वाचताना. हे जर्मन समाजशास्त्रज्ञ, १९९८ मध्ये वारले, आणि त्यांनी आयुष्यभर कागदी कार्डांवर नोट्स काढल्या, जवळपास ९० हजार कार्डं. प्रत्येक कार्डाला आकडे आणि अक्षरं मिळून एक क्रमांक, आणि एका कार्डावरून दुसऱ्यावर जायचं असेल तर मजकुरातच त्या दुसऱ्या कार्डाचा क्रमांक लिहिलेला. नोट्सच्या विषयावर जिथे तिथे त्यांचं नाव निघतं, किती कार्डं आणि किती पुस्तकं लिहिली वगैरे, पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांच्यामागे ती कार्डं बीलेफेल्ड विद्यापीठाकडे गेली, तिथे स्कॅन होऊन ऑनलाइन बघायला मिळतात, म्हणजे लाकडी कपाटातून थेट वेबवर इतकं मोठं स्थलांतर झालं तरी लिंक शाबूत राहिल्या, कारण त्या कपाटात नव्हत्या, कार्डावरच लिहिलेल्या होत्या. कोणीही ते कार्ड हातात घेतलं तर पुढचा क्रमांक वाचून शोधू शकतो. आपल्या ॲपमधली लिंक अशी आहे का, एवढंच तपासायचं.

आता प्रत्यक्ष ॲपमध्ये हे कसं असतं ते बघू. ऑब्सिडियनमध्ये नोट म्हणजे तुमच्या डिस्कवरची साधी मार्कडाउन फाइल (मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरातच #, * अशा खुणा टाकून लिहायची पद्धत) आणि लिंक म्हणजे त्या फाइलमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या फाइलचं नाव, कंसासकट. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली तरी लिंक वाचता येते, क्लिक होणार नाही पण कुठे जायचं ते कळतं. याचा तोटा असा की नाव हाच पत्ता असल्यामुळे नाव बदललं की पत्ता बदलतो. ॲपच्या आतून नाव बदललं तर ते बाकीच्या सगळ्या फाइलमधल्या लिंक स्वतः सुधारून घेतं, पण बाहेरून, म्हणजे फाइल मॅनेजरमधून किंवा दुसऱ्या एडिटरमधून नाव बदललंत तर लिंक तुटतात, त्याला ॲप काही करू शकत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे लिंकमध्ये नावाऐवजी आयडी असतो, अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक माळ. जॉप्लिनमध्ये लिंकच्या आत नोटचा असा आयडी असतो, बाजूला नाव पण असतं म्हणून निदान वाचता येते. लॉगसेकमध्ये पानाची लिंक नावाने असते पण एखाद्या ओळीचा संदर्भ दुसरीकडे दिला की दोन गोल कंसात आयडी येतो, आणि मूळ ओळीखाली तोच आयडी चिकटतो. ऑर्ग-रोम (ईमॅक्स या एडिटरमधलं नोट्सचं साधन) वापरणाऱ्यांनाही हे ओळखीचं असेल. आयडीची मजबुती खरी आहे, नाव कितीही वेळा बदला, लिंक तुटत नाही. पण फाइल दुसऱ्या ॲपमध्ये नेली की माणसाला त्या माळेतून काहीही कळत नाही, दोन ओळींच्या मध्ये नुसता कचरा दिसतो आणि तिथे मुळात कुठलं वाक्य होतं ते शोधायला सर्च करत बसावं लागतं.

आणि तिसरा प्रकार, लिंक सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये असते आणि तुम्हाला दिसतं ते त्याचं चित्र. नोशन, रोम रिसर्च, टाना, कपॅसिटीज ही सगळी कमी-जास्त याच बाजूची. वाईट म्हणून सांगत नाहीये, डेटाबेसमुळे जे करता येतं ते साध्या फाइलमध्ये करणं अवघड आहे, पाच जणांनी एकाच पानावर एकाच वेळी काम करायचं असेल तर मी सरळ नोशनच सांगते. फक्त एक्स्पोर्ट करून, म्हणजे नोट्स फाइल म्हणून बाहेर काढून बघा. नोशनमधून मार्कडाउन आणि सीएसव्ही (टेबलांच्या साध्या मजकूर-फाइल) बाहेर येतात, प्रत्येक फाइलच्या नावाला ३२ अक्षरांची आयडीची शेपटी लागलेली असते, पानांमधल्या लिंक त्या शेपटीसकट फाइलनावाकडे बोट दाखवतात, आणि नोशनमधल्या दोन टेबलांमधलं रिलेशन, म्हणजे जोडणी, सीएसव्हीच्या रकान्यात साधा मजकूर होऊन बसतं. रोममधून मार्कडाउन घेतलं तर पानांच्या लिंक छान येतात, पण ब्लॉकचे, म्हणजे एकेका ओळीचे, संदर्भ ९ अक्षरी आयडीच्या रूपात, आणि फोटो तर येतच नाहीत, त्यांचे वेबवरचे पत्ते येतात, म्हणजे फोटो अजून त्यांच्याच सर्व्हरवर. खातं बंद करायच्या आधी हे फोटो उतरवून घेणं सगळ्यात आधी करायचं काम आहे.

म्हणून मी कोणालाही सांगते, ॲप वापरायला लागायच्या दिवशीच एक्स्पोर्ट करून बघा. दोन-चार नोट्स तयार करा, एकमेकींना जोडा, एका ओळीचा संदर्भ दुसरीकडे द्या, एक फोटो टाका, एक टेबल टाका, मग एक्स्पोर्ट करून ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि वाचा. दहा रिव्ह्यू व्हिडिओ बघून कळणार नाही ते या पाच मिनिटांत कळतं.

'आम्ही मार्कडाउन सपोर्ट करतो' या वाक्यावर विसंबू नका हेही इथेच सांगते. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलेल्या मूळ मार्कडाउनमध्ये दुहेरी चौकोनी कंसाची लिंक नाहीच, ती विकीमधून आली आहे आणि प्रत्येक ॲपने आपापल्या परीने वर भर घातली आहे. ऑब्सिडियनमध्ये लिंकवर वेगळे शब्द दाखवायचे तर कंसाच्या आत उभी रेघ देतात, रोम आणि लॉगसेकमध्ये तेच काम उलट्या रचनेने होतं, आधी दिसणारे शब्द आणि मग गोल कंसात पानाची लिंक. दोन्हीकडे मार्कडाउनच म्हणायचं आणि दोन्ही एकमेकांत जसंच्या तसं चालत नाही.

आता जरा वेगळ्या मुद्द्यावर येते, कारण बऱ्याच जणांचं ॲप बदलणं फसतं ते फाइल फॉरमॅटमुळे नाही, लिहिण्याच्या सवयीमुळे. लिंकवाली ॲप्स दोन जातींची आहेत, बुलेटवाली आणि पानवाली. रोम, लॉगसेक, टाना, रेमनोट ही बुलेटवाली, तिथे प्रत्येक ओळ ही स्वतंत्र वस्तू आहे, तिच्या पोटात आणखी ओळी, त्यांच्या पोटात आणखी. सकाळी ॲप उघडलं की आजच्या तारखेचं पान समोर येतं आणि तिथेच लिहायला सुरुवात करायची, कुठे ठेवू हा प्रश्नच नाही. पानवाल्यांमध्ये, म्हणजे ऑब्सिडियन, नोशन, बेअर, जॉप्लिन वगैरे, तुम्ही परिच्छेद लिहिता, शीर्षक देता, नोट एक अख्खी गोष्ट असते.

वरवर बघता हा दिसण्याचा फरक वाटतो पण तो बॅकलिंकपर्यंत खोल जातो. बुलेटवाल्या ॲपमध्ये वरच्या ओळीत [[झोप]] लिहिलं आणि तिच्या पोटात दहा ओळी लिहिल्या तर 'झोप'च्या पानावर बॅकलिंकमध्ये ती ओळ पोटातल्या दहाही ओळींसकट दिसते, फिल्टर करताना पोटातली ओळ वरच्या ओळीचा विषय वारसाहक्काने घेते. म्हणजे एकदा वर विषय सांगितला की खाली प्रत्येक ओळीत परत सांगावा लागत नाही. पानवाल्या ॲपमध्ये असा वारसा नाही, तिथे ज्या ओळीत किंवा परिच्छेदात लिंक आहे तेवढाच तुकडा दिसतो. त्यामुळे लॉगसेकमधून ऑब्सिडियनमध्ये फोल्डर उचलून नेलं तर सगळ्या फाइल उघडतात, सगळ्या पानांच्या लिंक चालतात, आणि तरीही माणसाला वाटतं की काहीतरी हरवलंय, नेमकं काय ते सांगता येत नाही. हरवलेलं असतं ते हेच, पोटातल्या ओळींचं वरच्या ओळीशी असलेलं नातं. मी आउटलायनरमध्ये, म्हणजे बुलेटवाल्या ॲपमध्ये, भरपूर लिहिलंय आणि पानांवरही भरपूर लिहिलंय, आणि माझं मत असं झालंय की मीटिंग, फोन, वाचताना सुचलेलं, असलं तुकड्यातुकड्यांचं लिहायला बुलेट उत्तम, पण एखादा विचार शेवटपर्यंत न्यायचा असेल तर पान हवंच, कारण बुलेटमध्ये 'म्हणून' आणि 'पण' लिहायची गरजच पडत नाही, ओळ संपते आणि विचार तिथेच सुटतो. तुम्ही जास्त काय लिहिता ते आधी ठरवा, ॲपची जात त्यावरून ठरते, उलट केलंत तर दर सहा महिन्यांनी परत ॲप शोधत बसाल.

टॅगचंही असंच. रोम आणि लॉगसेकमध्ये हॅशवाला टॅग आणि कंसातलं पान ही एकच गोष्ट आहे, दोन्हींचं पान असतं. ऑब्सिडियनमध्ये टॅग वेगळा आणि नोट वेगळी, टॅगला स्वतःचं पान नसतं. आणि रोजच्या पानाचं नाव प्रत्येकाचं निराळं, रोममध्ये महिन्याचं पूर्ण इंग्रजी नाव, मग तारीख, मग वर्ष, लॉगसेकमध्ये मुळात महिन्याचं लघुरूप, तर ऑब्सिडियनमध्ये आधी वर्ष मग महिना मग दिवस. नोट्समध्ये जागोजागी तारखेच्या लिंक असतील तर इम्पोर्टनंतर त्या सगळ्या अधांतरी होऊ शकतात, म्हणून नवीन ॲपमधल्या तारखेचा फॉरमॅट आधी ठरवायचा आणि मगच इम्पोर्ट करायचं.

आता आपल्या मराठीत लिहिणाऱ्यांचा भाग, ज्याबद्दल कुठल्याच इंग्रजी लेखात काही सापडत नाही आणि जो मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो.

पहिली अडचण विभक्तीची. इंग्रजीत शब्द वाक्यात जवळपास तसाच राहतो म्हणून या ॲप्सनी गृहीत धरलंय की नोटचं नाव मजकुरात जसंच्या तसं सापडेल. आपल्याकडे नोटचं नाव 'पाणी' आणि वाक्यात येतं 'पाण्यात', 'पाण्याचा', 'पाण्यामुळे', यातल्या एकातही 'पाणी' ही अक्षरं सलग नाहीत. त्यामुळे ऑब्सिडियनमधलं ते 'लिंक न केलेले उल्लेख' दाखवणारं छान फीचर आपल्यासाठी निम्मं बंदच असतं. आणि इंग्रजीत जसं लिंकच्या कंसाबाहेर शेवटचं अक्षर चिकटवून चालतं तसं इथे करायला गेलात, म्हणजे [[पुस्तक]] लिहून पुढे काना आणि त, तर तो काना बिचारा एकटा पडतो आणि त्याच्याजागी ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. मार्ग दोन आहेत. एक म्हणजे उभी रेघ वापरून [[पाणी|पाण्यात]] असं लिहायचं. दर वेळी हाताने करणं कंटाळवाणं आहे, पण नोटच्या प्रॉपर्टीजमध्ये, म्हणजे नोटच्या डोक्यावर असलेल्या माहितीच्या रकान्यांत, उपनावं म्हणून 'पाण्यात', 'पाण्याचा' ही रूपं टाकून ठेवली तर कंस टाकून ते रूप टाइप करायला लागलं की ॲप सुचवतं आणि निवडलं की पूर्ण लिंक स्वतः बनवून देतं.

दुसरा मार्ग मी स्वतः वापरते आणि मला तो जास्त आवडतो. वाक्य सरळ मराठीत लिहायचं, त्यात कंस घुसवायचेच नाहीत, आणि परिच्छेद संपला की वेगळ्या ओळीवर मूळ रूपात लिंक द्यायची आणि पुढे कारण लिहायचं. म्हणजे '[[विसरणं]] तिथल्या प्रयोगात याच्या उलट निघालंय' किंवा '[[सवयी]] हाच मुद्दा पण लहान मुलांच्या बाबतीत'. याने वाक्यंही मोकळी राहतात आणि प्रत्येक लिंकला कारण मिळतं. हे कारण लिहिणं मला अगदी मनापासून सांगावंसं वाटतं, कारण नुसती रंगीत अक्षरं वर्षभराने बघितली तर हे याला का जोडलं होतं ते आठवत नाही, आणि उद्या ॲप बदललं, लिंक तुटली, तरी ते वाक्य वाचून जोडणी परत करता येते. कुठलाही इम्पोर्टर वाक्य तोडू शकत नाही.

दुसरी अडचण दिसतच नाही म्हणून जास्त त्रासाची. 'दुसऱ्या', 'वाऱ्याचा' यातला तो अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या संकेतांनी साठवतो त्यात, दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या', डोळ्यांना एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द. मोबाइलवर एक कीबोर्ड आणि लॅपटॉपवर दुसरा असेल तर एकाच नावाच्या दोन नोट्स तयार होतात, अर्ध्या लिंक एकीकडे आणि अर्ध्या दुसरीकडे, आणि सर्च केलं की अर्धंच सापडतं. नोट्स साध्या फाइलमध्ये असतील तर हे सुटतं, सगळ्या फोल्डरवर एकदा शोधा-बदला चालवून एकच रूप करून टाकायचं, आधी बॅकअप घेऊन अर्थातच, आणि फाइलच्या नावांमध्येही तोच बदल करायला विसरू नका. नोट्स कुणाच्या डेटाबेसमध्ये असतील तर एकेक पान उघडून करावं लागतं. आकड्यांचंही बघून घ्या, १९९८ देवनागरीत लिहिलेलं इंग्रजी आकड्यांनी शोधलं तर सापडेलच असं नाही, म्हणून कुठलातरी एक प्रकार ठरवून टाका.

तिसरी अडचण नावाच्या लांबीची. नोटला पूर्ण वाक्याचं नाव द्यावं असं बरेच जण सांगतात, 'झोप' असं न ठेवता 'कमी झोपेत शिकलेलं पक्कं होत नाही' असं, आणि कल्पना खरोखर चांगली आहे, नाव वाचूनच मुद्दा कळतो. पण जिथे नोटचं नाव म्हणजेच फाइलचं नाव तिथे लिनक्सवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर फाइलनावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, त्यात काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजायचं. म्हणजे शेवटचं .md वजा करून जेमतेम ८४ चिन्हं हाताशी राहतात. मॅकवर किंवा विंडोजवर ठेवलेलं लांबलचक नाव तिथे चालतं आणि सिंक होताना फोनवर अडतं, आणि ती एकच नोट का येत नाहीये ते कळायला वेळ जातो. तशीच प्रश्नचिन्हं आणि विसर्गासारखे कोलन, विंडोज ही चिन्हं फाइलनावात घेत नाही, आणि रोमसारख्या ॲपमध्ये पानाच्या नावात ती बिनधास्त चालतात, त्यामुळे प्रश्नाच्या रूपात नावं देणाऱ्यांची नावं इम्पोर्टमध्ये बदलतात. लॉगसेकमध्ये नावात तिरकी रेघ असेल तर फाइलनावात तिच्याजागी तीन अंडरस्कोर येतात, तेही तिथून निघताना लक्षात ठेवा.

आता ज्यांनी साध्या फाइलवालं ॲप निवडलं आणि निश्चिंत झाले त्यांच्यासाठी एक इशारा. अडकणं फक्त डेटाबेसमुळे होत नाही, प्लगइनमुळेही, म्हणजे ॲपला वरून जोडलेल्या जादा सोयींमुळेही होतं. ऑब्सिडियनमध्ये डेटाव्ह्यू नावाचं प्लगइन फार लोकप्रिय आहे, नोट्सना प्रॉपर्टी द्यायच्या आणि एक क्वेरी, म्हणजे काय शोधून दाखवायचं त्याची आज्ञा, लिहिली की टेबल तयार. पण ते टेबल फाइलमध्ये नसतंच, फाइलमध्ये असते फक्त क्वेरी. दुसऱ्या ॲपमध्ये ती फाइल उघडली की तुमच्या सुंदर 'वाचलेली पुस्तकं' पानावर चार ओळींचा कोड दिसतो आणि पुस्तक एकही नाही. २०२५ मध्ये ऑब्सिडियनने बेसेस हे स्वतःचंच तसं फीचर आणलं, तिथेही मूळ माहिती प्रत्येक नोटच्या प्रॉपर्टीत राहते आणि टेबल हा वरचा देखावा. माहिती नोटमध्ये आहे तोवर ठीक, पण ज्या पानावर तुमचा विचार आहे ते पान क्वेरीवर उभं करू नका. माझ्या ज्या नोट्स मला खरंच प्रिय आहेत त्यात मी एकही प्लगइनची ओळ ठेवत नाही.

कंपनी टिकेल का हा प्रश्न लोक फार विचारतात, आणि त्यावर 'ओपन सोर्स घ्या' हे उत्तर ठरलेलं. मला ते अर्धंच पटतं. एथेन्स रिसर्च हे रोमसारखं ओपन सोर्स ॲप होतं, २०२२ मध्ये त्याचं काम थांबलं. डेन्ड्रॉन या दुसऱ्या ओपन सोर्स ॲपचंही सक्रिय काम २०२३ मध्ये थांबलं, पण डेन्ड्रॉनच्या नोट्स मुळात साध्या मार्कडाउन फाइल, त्यामुळे लोकांनी तेच फोल्डर दुसऱ्या ॲपमध्ये उघडलं आणि पुढे लिहायला लागले. ऑब्सिडियन ओपन सोर्स नाही पण त्याच्या फाइल तुमच्या आहेत, लॉगसेक ओपन सोर्स आहे पण त्याची नवी आवृत्ती फाइलऐवजी डेटाबेसवर उभी आहे. ॲपचा कोड उघडा आहे की नाही यापेक्षा माझ्या नोट्स कशात साठवल्यात याला मी जास्त मान देते. एव्हरनोटचंच बघा ना, २००८ पासून इतकं मोठं झालेलं नाव, बेंडिंग स्पून्स कंपनीने ते विकत घेतलं आणि २०२३ च्या शेवटी फुकट वापरणाऱ्यांना ५० नोट्स आणि एकच नोटबुक अशी मर्यादा आली. कंपनीला तिचा धंदा बघायचाच असतो, आपण आपली वही बघायची.

ग्राफबद्दल फार बोलत नाही. पूर्ण ग्राफ बघायला छान वाटतो, उपयोग मला तरी सापडला नाही, पण एका नोटभोवतीचा छोटा ग्राफ मात्र अधूनमधून उघडावा. सिंकबद्दल एवढंच की एका फोल्डरला एकच सिंक लावा. आयक्लाउड पण, ॲपचं स्वतःचं सिंक पण, असं दोन्ही एकाच फोल्डरवर लावलं की एकाच नोटच्या दोन-दोन प्रती व्हायला लागतात.

आणि इतकं सगळं वाचून बदलायचंच ठरलं असेल तर माझी पद्धत सांगते. जुन्या ॲपमधून मिळतील तेवढ्या प्रकारे एक्स्पोर्ट घ्या, मार्कडाउन पण आणि जेसन (प्रोग्रामना वाचायला सोपा फाइलचा प्रकार) पण, कारण वाचायला मार्कडाउन बरं पण ब्लॉकचे संदर्भ बहुतेक वेळा जेसनमध्येच नीट राहतात आणि इम्पोर्टरना तेच हवं असतं. या मूळ एक्स्पोर्टला नंतर कधीही हात लावायचा नाही, कामाला त्याची कॉपी घ्यायची. पूर्ण इम्पोर्ट करायच्या आधी सगळ्यात अवघड नोट्स निवडा, जिच्यात सगळ्यात जास्त बॅकलिंक आहेत ती, जिच्यात ब्लॉकचे संदर्भ आहेत ती, लांब नावाची, अर्ध्या र-ची, फोटोंची, आणि तेवढ्याच आधी नेऊन बघा. साध्या नोट्स तर कुठेही जातात, त्यांच्यावरून काहीच कळत नाही.

मग सगळ्या नोट्स 'जुनं' अशा एका फोल्डरात आणा, पण नीटनेटक्या करत बसू नका. हा मोह फार मोठा असतो, नवीन घरात आल्यासारखं सगळं लावून ठेवावंसं वाटतं आणि त्यात आठवडे जातात, लिहिणं राहतं बाजूला. नवीन नोट नवीन पद्धतीने लिहा, आणि लिहिताना जुन्या एखाद्या नोटकडे जायची गरज पडली तर त्या वेळी तेवढी एक नोट दुरुस्त करा, तिची नावं, तिच्या लिंक, तिची कारणं, आणि 'जुनं'मधून बाहेर काढा. ज्या नोट्सची कधीच गरज पडत नाही त्या तिथेच राहतात, सर्चमध्ये सापडतात, तेवढं पुरे.

इम्पोर्टनंतर अधांतरी लिंक भरपूर दिसतील, म्हणजे ज्या नावाची नोटच नाही अशा. त्यातल्या काही खरंच तुटलेल्या असतात, तारखेच्या किंवा नाव बदललेल्या, त्या एकगठ्ठा शोधा-बदला करून सुटतात. पण बऱ्याचशा जुन्या ॲपमध्येही अशाच होत्या, कधीतरी लिहू म्हणून कंस टाकलेले आणि नोट कधी लिहिलीच नाही. ज्या नावाकडे चार-पाच नोट्स बोट दाखवतायत त्या नावाची नोट मात्र वेळ काढून लिहा, कारण तुम्ही न ठरवताच परत परत त्या विषयाशी येताय. बाकीच्या पुसू नका, तशाच राहू द्या, नावाने लिहिलेल्या लिंकला काही होत नाही, ज्या दिवशी त्या नावाची नोट तयार कराल त्या दिवशी जुन्या सगळ्या लिंक आपोआप चालू होतात.